प्रकरण अभ्यास : चालत्या गाडीचं इंजिन लांबून बंद झालं तेव्हा

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका वाहतूक व्यवसायाचं आहे. मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं काम करतो आणि दुसऱ्या घटनेनंतर मला बोलावलं गेलं. त्याआधीचं जे लिहिलंय ते ऑफिसमधल्या ताईंकडून आणि ड्रायव्हरमामांकडून ऐकलेलं आहे.

मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, स्वतः वीस वर्षं ड्रायव्हर होते. आता त्यांच्याकडे बावीस गाड्या आहेत. त्यात चौदा टेम्पो ट्रॅव्हलर आणि आठ छोट्या कार. फोर्ट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांमधल्या रात्रपाळीच्या लोकांना घरी सोडायचं, हेच मुख्य काम. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते, आणि त्यांच्या सुरक्षिततेची, घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था कंपनीला करावी लागते. दादांचा धंदा या जबाबदारीवर उभा आहे. गाडीत बसलेल्या मुली घरी पोचल्या की ड्रायव्हरने ऑफिसला फोन करायचा, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

बहुतेक गाड्यांमध्ये दोन डबे बसवलेले होते. हा फरक समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढे त्यावरूनच घोळ होता होता राहिला. पहिला डबा एआयएस-१४० मानकाचा. नव्या प्रवासी वाहनांना जानेवारी २०१९ पासून लागू झालेला हा ट्रॅकर गाडीचं ठिकाण कळवतो आणि त्याला लाल पॅनिक बटण जोडलेलं असतं. इंजिन बंद करण्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा डबा फायनान्स कंपनीचा. गाडी कर्जावर असली की हप्ता थकल्यावर ती अडवता यावी म्हणून तो बसवतात. त्याला पाच पायांचा काळा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, जोडलेला असतो. डिझेल पंपाची वायर मध्ये कापायची, एक टोक रिलेच्या ३० नंबरच्या पायाला आणि दुसरं ८७ए ला जोडायचं. एरवी वीज या दोन पायांतून सरळ जाते. डब्याला मोबाइल नेटवर्कवरून ‘स्टॉप’ची आज्ञा आली की रिले ओढला जातो, वाट तुटते आणि इंजिन मरतं. परत चालू करायला ‘रिझ्यूम’ची आज्ञा लागते.

पहिली रात्र

फोर्टहून निघालेली ट्रॅव्हलर ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरकडे येत होती. गाडीत पाच जणी होत्या. वडाळा मागे टाकून गाडी बोगद्यात शिरली आणि इंजिन बंद पडलं.

मामांचं वय पन्नाशीच्या पुढे, हात कसलेला. तरी ते मला म्हणाले, "साहेब, स्टेअरिंग दगडासारखं झालं." इंजिन बंद झालं की हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची मदत जाते. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही डिझेल गाडीत इंजिनावर चालतो. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच नीट ब्रेक लागतो, नंतर पॅडलवर उभं राहावं लागतं. मामांनी ब्रेकला हात लावला नाही, म्हणजे पायच लावला नाही. आहे त्या वेगावर गाडी घरंगळत बोगद्याबाहेर आणली आणि डावीकडे कठड्याला लागून उभी केली. मागून एक कार जोरात हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. मुलींना कठड्यापलीकडे उभं करायला जागाच नव्हती.

मामांनी ऑफिसला फोन लावला. ताईंनी ट्रॅकरवाल्या विक्रेत्याला उठवलं. तो म्हणाला, "ॲपवरून रिझ्यूम देऊन बघा." ताईंनी दिलं, गाडी सुरू झाली, मुली घरी पोचल्या.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथे घ्यायचा होता आणि तो घेतलाच गेला नाही. रिझ्यूम दिल्यावर गाडी सुरू होते याचा अर्थ त्याआधी कुणीतरी स्टॉप दिलेलं होतं. हा प्रश्न त्या रात्री कुणाला पडला नाही. मी ताईंना दोष देत नाही. पहाटे तीन वाजता पाच मुली फ्रीवेवर उभ्या असताना माणूस गाडी सुरू झाल्याचाच विचार करतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायला हवं होतं. त्याऐवजी गाडी गॅरेजला गेली, डिझेल फिल्टर बदलला, वायरिंग हलवून पाहिलं आणि ‘डब्याचा काहीतरी प्रॉब्लेम’ म्हणून विषय संपला.

दुसरी रात्र

नऊ दिवसांनी तीच गाडी, तेच मामा. या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने जात होते. कुर्ल्याच्या डबल डेकर पुलाच्या खालच्या मजल्यावर इंजिन गेलं. मागून येणाऱ्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला, तरी मागच्या बंपरला धडक बसलीच. एका मुलीचं कपाळ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटलं. दोन टाके पडले. आणखी थोडा वेग असता तर मी हे वेगळ्या शब्दांत लिहीत असतो.

पर्याय

पहाटे साडेपाचला मी त्यांच्या ऑफिसात पोचलो तेव्हा तिथे दादा, ताई, मामा आणि वायरिंगवाला असे चौघे होते. संध्याकाळी सहापासून पुन्हा गाड्या निघणार होत्या. तोपर्यंत काय करायचं ते ठरवायचं होतं.

वायरिंगवाल्याचं म्हणणं, सगळे डबे उपटून टाकू. तो निघालाही होता, आणि त्याच्या हातात पहिल्या गाडीतून काढलेली जी वायर होती ती पॅनिक बटणाची होती. दोन्ही डबे डॅशबोर्डखाली शेजारीशेजारी, दोन्हीच्या वायरी काळ्या. रागाच्या भरात सगळ्या गाड्यांची पॅनिक बटणं त्या दिवशी निघाली असती.

दादांचं म्हणणं, पासवर्ड बदलू आणि गप्प बसू. कर्जाच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की डब्याला हात लावला तर तो करारभंग धरला जाईल. बावीसपैकी सतरा गाड्या एकाच कंपनीच्या कर्जावर. सगळी कर्जं एकदम मागितली तर धंदा बसला असता. ही भीती खरी होती.

ताईंना पोलिसात जायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी काढून टाकलेल्या एका टेक्निशियन मुलावर त्यांचा संशय होता. त्याला लॉगिन माहीत होतं आणि जाताना तो भांडून गेला होता. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून नुकसान करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तेव्हा तक्रार होऊ शकत होती.

चौथा पर्याय मी मांडला. डबा राहू दे, त्याचं ठिकाण कळवणं चालू राहू दे, फक्त रिलेमधून जाणारी डिझेल पंपाची वायर सरळ जोडून टाकू. कारण अजून सापडलेलं नव्हतं, आणि ते सापडेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पासवर्ड बदलून संध्याकाळी गाड्या सोडल्या आणि आज्ञा पासवर्डच्या वाटेने येतच नसली, तर पुढची मुलगी फक्त दोन टाक्यांवर सुटेलच असं कोण सांगणार होतं?

दादा बराच वेळ गप्प बसले. मग मामा म्हणाले, "दादा, तुम्ही गाडी चालवत असता तर काय केलं असतं?" त्यानंतर चर्चा झाली नाही.

त्या दिवशी काय केलं

दुपारपर्यंत सतरा गाड्यांच्या रिलेवरच्या ३० आणि ८७ए या वायरी एकमेकींना जोडल्या. प्रत्येक जोडाचा आधी आणि नंतर, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढला. फायनान्स कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं की प्रवाशांच्या जिवाला धोका असल्यामुळे इंजिन बंद करण्याची सोय आम्ही तात्पुरती निकामी करत आहोत, ट्रॅकिंग चालू आहे, कृपया सर्व आज्ञांची नोंद द्या. हे पत्र आम्ही वायर जोडायच्या आधी पाठवलं, आणि पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

टेक्निशियनचं नाव घालून तक्रार देणं मी थांबवलं. त्याच्याविरुद्ध आमच्याकडे संशयापलीकडे काहीच नव्हतं. एकदा नाव कागदावर गेलं की वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

शोध

ऑफिसच्या लॉगिनमधून पाहिलं तर दोन्ही रात्री स्टॉपची एकही नोंद नव्हती. मग मला एसएमएसची शंका आली. असे डबे इंटरनेट नसेल तेव्हा एसएमएसवरूनही आज्ञा घेतात. आतल्या सिमकार्डाचा नंबर कळला आणि पासवर्ड कळला की झालं. मी माझ्या फोनवरून एका गाडीच्या सिमवर कारखान्याचा मूळ पासवर्ड, म्हणजे १२३४५६, घालून मेसेज टाकला. सात सेकंदांत उत्तर आलं. गाडीचा अक्षांश, रेखांश, वेग, सगळं. सगळ्या डब्यांची सिमकार्डं एकत्र घेतलेली, नंबर ओळीने. एक कळला की बाकीचे अंदाजाने सापडतात.

हा धोका काल्पनिक नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही७२० या ट्रॅकरबद्दल इशारा दिला होता. त्यात आतच कोरलेला एक पासवर्ड होता, आणि तो वापरून लांबून डिझेल-पेट्रोल तोडता येत होतं. त्या कंपनीचे सुमारे १५ लाख ट्रॅकर १६९ देशांत वापरात असल्याचं तेव्हा संशोधकांनी सांगितलं होतं. दादांच्या गाड्यांमधले डबे वेगळ्या बनावटीचे होते, पण खोड तीच.

लॉगिनची गत आणखी वाईट. ऑफिसचं एकच लॉगिन नऊ जण वापरत होते. त्यातले दोघे नोकरी सोडून गेलेले. पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेला.

हे सगळं आम्ही त्याच दिवशी बंद केलं. पण घटनेचं कारण यातलं काहीच नव्हतं. विक्रेत्याने पूर्ण नोंद द्यायला तीन दिवस लावले. ती आली तेव्हा मी वेळेचा रकाना पाहिला आणि टेक्निशियन मुलाचा विचार डोक्यातून निघून गेला. दोन्ही आज्ञा ०२:३०:०० ला गेलेल्या होत्या. सेकंदाचा काटाही शून्यावर. हाताने बटण दाबणाऱ्याची वेळ दोनदा इतकी अचूक येत नाही. ही वेळ लावून ठेवलेली आज्ञा होती, आणि ती फायनान्स कंपनीच्या वसुली विभागाच्या खात्यातून गेली होती.

खरं कारण

आज्ञा ट्रॅव्हलरसाठी नव्हतीच. ती दादांच्या एका छोट्या कारसाठी होती, जिचे दोन हप्ते थकले होते. चार महिन्यांपूर्वी ती कार डेंटिंग-पेंटिंगला पडून होती. त्याच वेळी ट्रॅव्हलरचा डबा बिघडला. वायरिंगवाल्याने कारचा डबा काढून ट्रॅव्हलरला लावला, तात्पुरता. सिस्टीममध्ये नाव कारचंच राहिलं. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. फायनान्स कंपनीला कुणी कळवलं नाही. हप्ते थकल्याचं दादांनी ताईंनाही सांगितलेलं नव्हतं. नाही तर ताईंनी दोन आणि दोन चार केले असते.

वसुली विभागाने रात्री अडीचची वेळ निवडली होती, कारण तेव्हा गाडी पार्किंगमध्ये असते. सकाळी मालक गाडी काढायला जाईल, ती सुरू होणार नाही, मग तो फोन करेल. खासगी कारच्या बाबतीत हा हिशेब चालून जातो. रात्रपाळीच्या गाडीच्या बाबतीत अडीच म्हणजे भर धंद्याची वेळ. पहिल्यांदा ताईंनी रिझ्यूम दिल्यावर कंपनीच्या सिस्टीमने ‘लॉक परस्पर काढलं’ अशी नोंद केली आणि पुन्हा तारीख लावली.

एक गोष्ट मला अजून छळत होती. या डब्यात सुरक्षिततेची एक अट होती. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर असेल तर आज्ञा रोखून धरायची, वेग उतरल्यावरच रिले ओढायचा. ती अट चालू होती. मग धावती गाडी बंद कशी पडली?

दोन्ही जागा मी कागदावर मांडल्या. फ्रीवेचा बोगदा आणि डबल डेकर पुलाचा खालचा मजला. दोन्ही ठिकाणी डोक्यावर आभाळ नाही.

पुढच्या रविवारी रात्री मी तसाच एक डबा, १२ व्होल्टची बॅटरी आणि रिले घेऊन मामांच्या मागच्या सीटवर बसलो. डिझेल पंपाच्या जागी एक छोटा बल्ब लावला होता. वडाळ्याजवळ वेग ५८ असताना मी स्टॉपची आज्ञा दिली. बल्ब पेटलेलाच राहिला, म्हणजे अट पाळली गेली. बोगदा आला. लॅपटॉपवर उपग्रहांचा आकडा ११ वरून ६, मग ३, मग शून्य. आणि त्याच्या शेजारचा वेगाचा आकडाही शून्य. गाडी तेव्हा ६० ने धावत होती. बल्ब विझला. मामांनी आरशातून पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

डबा वेग गाडीकडून घेत नव्हता, जीपीएसकडून घेत होता. जीपीएस गेलं की त्याला वेग ‘माहीत नाही’ असं म्हणायला हवं होतं. लिहिणाऱ्याने तिथे शून्य लिहिला. गाडी उभी आहे असं समजून डब्याने रोखून धरलेली आज्ञा पुरी केली. दोन्ही रात्री आज्ञा आल्यापासून छत डोक्यावर येईपर्यंत वेग २० च्या खाली उतरला नव्हता, म्हणून ती तोवर दबून राहिली होती.

नियम कुठे कमी पडतात

२०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी लांबून ताब्यात घेऊन दाखवली, १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि गाडी उद्योगाला जाग आली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२० मध्ये गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा आर१५५ हा नियम मंजूर झाला. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ हे मानक तयार झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण ते गाडी बनवणाऱ्यावर लागू होतं. कारखान्यातून बाहेर पडल्यावर कुणी पकडीने वायर कापून मध्ये रिले बसवला तर ती सगळी काळजी बाजूला पडते. दादांच्या ट्रॅव्हलरच्या मूळ इलेक्ट्रॉनिक्समध्ये कुणीही शिरलं नव्हतं.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं की थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. माणसाने फोन करायला ही वेळेची मर्यादा आहे. मग सर्व्हरने रात्री अडीच वाजता इंजिन बंद करावं का, हा प्रश्न मी फायनान्स कंपनीच्या बैठकीत शांतपणे विचारला. कायदा विभागाच्या बाईंनी तो लिहून घेतला.

निकाल

कंपनीचं पहिलं उत्तर करारभंगाची नोटीस हेच होतं. बैठकीत आम्ही बल्बचा व्हिडिओ दाखवला, आमच्या पत्राची तारीख दाखवली, मुलीच्या टाक्यांचा केसपेपर दाखवला. तीन आठवड्यांनी नोटीस मागे घेतली गेली. दादांनी थकलेले हप्ते भरले. ठरलं असं की रिले डिझेल पंपावरून काढून स्टार्टरच्या वायरीवर बसवायचा. तिथे तो ओढला गेला तर उभी गाडी सुरू होणार नाही, पण धावतं इंजिन बंद पडू शकत नाही. कर्ज देणाऱ्याचा हेतू त्याने पूर्ण साधतो. प्रवासी वाहनांना वेळ लावून आज्ञा पाठवणंही त्यांनी बंद केलं.

डबा बनवणाऱ्याने दोन महिन्यांनी नवं सॉफ्टवेअर दिलं. सतरापैकी बारा डब्यांनी ते घेतलं, पाच जुने निघाले आणि बदलावे लागले. आता प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे, नोकरी सोडणाऱ्याचं त्याच दिवशी बंद होतं, आणि डबा एका गाडीतून दुसरीत गेला की ताई सही केल्याशिवाय गाडी ड्युटीवर जात नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रात्रीनंतरचे नऊ दिवस वाया गेले. ‘स्टॉप कुणी दिलं’ एवढा एक प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारला असता तर दुसरी रात्र टळली असती, असं मला ठामपणे वाटतं.

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा जोडलेल्या उपकरणांवरच्या हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. मी पोचलो त्या सकाळी हा हल्ला नाही असं आमच्यापैकी कुणीच म्हणू शकत नव्हतं. तरी आम्ही तिसऱ्या दिवशी कळवलं. यात माझी चूक आहे. वायरी जोडण्याच्या घाईत मी ते मागे टाकलं.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ग्राहक कंपनीला दादांनी त्याच दिवशी खरं ते सांगितलं. चार रात्री काम थांबलं, मग परत मिळालं. पण गाडीत बसणाऱ्या मुलींना कुणी काहीच सांगितलं नाही. ‘तांत्रिक बिघाड’ एवढाच मेसेज गेला. मी सांगायला हवं म्हणत होतो, पण पुरेसा आग्रह धरला नाही. दीड महिन्याने कपाळाला टाके पडलेल्या मुलीने स्वतः ऑफिसात येऊन विचारलं. ताईंनी तिला बसवलं, नोंदीचा कागद समोर ठेवला, ०२:३०:०० वर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले. आता आमच्या गाडीत तो डबा कुठे आहे, आणि तो आम्हाला कोण दाखवेल.

मामांनी तिला गाडीपाशी नेलं, डॅशबोर्डखाली टॉर्च धरला आणि स्टार्टरची वायर दाखवली.